दोन चित्रपटांच्या मधली वर्षं

एकाच तालुक्यातल्या दोन वाटा

म्हैसूरहून मडिकेरीच्या दिशेने निघालं, की हुणसूर मागे पडल्यावर पिरियापट्टण तालुका लागतो. हा तंबाखूचा मुलूख. शेतांच्या कडेला चौकोनी, उंच भिंतींच्या भट्ट्या उभ्या असतात. हंगामात हिरवी पानं काठ्यांना बांधायची, त्या काठ्या भट्टीत आडव्या टांगायच्या आणि खालच्या नळांतून फिरणाऱ्या उष्णतेवर पानं हळूहळू पिवळी होऊ द्यायची, असं हे काम दिवसरात्र चालतं. पानं बांधायला बायकांचे हात लागतात. अशा मुलखाचा सिनेमाशी काही संबंध असेल असं वाटत नाही. पण या एका तालुक्याने कन्नड सिनेमाला दोन दिग्दर्शक दिले. कणगाल गावचे पुट्टण्ण (१९३३–१९८५) हे त्यांतले पहिले. त्यांच्या नावाने आज कर्नाटक सरकार दिग्दर्शकांना पुरस्कार देतं. दुसऱ्या कित्तूर गावच्या सुमना. हे कित्तूर राणी चेन्नम्माचं, बेळगावजवळचं नव्हे. म्हैसूर जिल्ह्यातलं त्याच नावाचं छोटं खेडं आहे. सुमनांच्या वडिलांचं तिथे गावाला सिनेमा दाखवायचं काम होतं. मुलीच्या लहानपणी पडदा घरचाच होता.

दोघं एका मातीतले, पण पडद्यामागे पोचायच्या वाटा अगदी निराळ्या. पुट्टण्ण बी. आर. पंतुलू यांच्यासारख्या मातब्बर निर्माता-दिग्दर्शकाकडे सहायक म्हणून राहिले, धंद्याच्या आत शिकले आणि तिथूनच वर आले. सुमना कित्तूर बंगळुरूला आल्या त्या पत्रकारितेतून, ‘अग्नी’ या कन्नड साप्ताहिकाच्या वर्तुळातून. सिनेमाचं दार त्यांना सिनेमावाल्यांनी उघडून दिलं नाही, एका साप्ताहिकाने दिलं. हा फरक योगायोगाचा नाही. ‘पहिलं पाऊल’ हा या अंकाचा यंदाचा विषय. नव्या लेखिका-दिग्दर्शिकेच्या पहिल्या पावलाचं कौतुक आता आपल्याकडे बऱ्यापैकी होतं. या लेखाचं म्हणणं असं, की कारकीर्द पहिल्या पावलाने ठरत नाही. ती ठरते दोन चित्रपटांच्या मधल्या वर्षांत, आणि ती वर्षं कोण निभावून नेतं यावर. आजवर ती चित्रपटसृष्टीने क्वचितच निभावून नेली. बाहेरच्या एखाद्या संस्थेने, म्हणजे साप्ताहिकाने, नाटकमंडळीने, आकाशवाणी-दूरदर्शनने किंवा एखाद्या अभ्यासप्रकल्पाने नेली. हे नीट ओळखलं, तर नव्या दिग्दर्शिकांसाठी नेमकं काय करायला हवं ते आपोआप स्पष्ट होतं.

कादंबरी तिची, खुर्ची त्याची

म्हैसूर हे कन्नड सिनेमाचं जुनं आजोळ. हुणसूर रस्त्यावरच्या प्रीमियर स्टुडिओत दक्षिणेतल्या कितीतरी चित्रपटांची चित्रीकरणं झाली. ८ फेब्रुवारी १९८९ रोजी तिथे ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’ या मालिकेच्या सेटला आग लागली, ६२ माणसं गेली आणि स्टुडिओचं नाव देशभर त्या दुर्घटनेशी जोडलं गेलं. आज तो स्टुडिओ उरलेला नाही. पण राजवाडा, ललितमहाल, चामुंडी टेकडी आणि कावेरीचे काठ यांच्यासाठी चित्रीकरणाच्या गाड्या म्हैसुरात येतच असतात. शहराने सिनेमाला जागा पुरवली. त्याहून मोठी देणगी दिली ती कथांची. एस. एल. भैरप्पा आयुष्याचा मोठा काळ इथेच राहिले, आणि उमा कुलकर्णी यांच्या अनुवादांमुळे मराठी वाचकाला ते परके उरले नाहीत. ‘वंशवृक्ष’वर गिरीश कार्नाड आणि ब. व. कारंत यांनी १९७१ मध्ये चित्रपट केला. त्याआधीचं नाव त्रिवेणींचं. म्हैसुरात राहून लिहिणारी ही कादंबरीकार १९६३ मध्ये, पस्तिशी गाठण्याआधीच गेली. स्त्रीच्या मनाचे, विशेषतः मानसिक आजाराचे कंगोरे कन्नड कादंबरीत त्यांनी ज्या धिटाईने आणले, तसे त्यांच्याआधी फारसे कुणी आणले नव्हते.

त्रिवेणींच्या ‘बेळ्ळिमोड’वर पुट्टण्ण कणगाल यांनी १९६७ मध्ये चित्रपट काढला आणि कन्नडमध्ये त्यांचं नाव झालं. पुढे त्रिवेणींच्याच ‘शरपंजर’वर त्यांनी केलेला चित्रपट कन्नड सिनेमातला मैलाचा दगड ठरला. मधल्या काळातला ‘गेज्जे पूजे’ (१९६९) एम. के. इंदिरा यांच्या कादंबरीवरचा. म्हणजे ज्या चित्रपटांनी पुट्टण्णांना ‘स्त्रीचं मन ओळखणारा दिग्दर्शक’ अशी ख्याती दिली, त्यांतल्या कितीतरींचा पाया बायकांनी लिहिलेला होता. पुट्टण्णांची प्रतिभा यामुळे कमी होत नाही. चांगली कादंबरी हाती असूनही वाईट सिनेमा काढणारे ढिगाने सापडतात. पण कन्नड समाजात बायका लिहीत होत्या, त्यांना मोठा वाचकवर्ग होता, सिनेमाला त्यांच्या कथा हव्या होत्या, आणि तरी दिग्दर्शनाची खुर्ची त्यांच्यापर्यंत पोचत नव्हती, एवढं यातून स्पष्ट दिसतं. लेखणी होती, तिला मान होता; लेखणीपासून खुर्चीपर्यंतचा पूल नव्हता.

तो पूल प्रेमा कारंत यांच्या रूपाने पहिल्यांदा ठळकपणे दिसला. १९८३ चा ‘फणियम्मा’ एम. के. इंदिरांच्याच कादंबरीवरचा. बालवयात विधवा होऊन शतकाहून अधिक जगलेल्या, आयुष्यभर इतरांची बाळंतपणं काढणाऱ्या बाईची ती गोष्ट. स्त्रीची कादंबरी, स्त्रीचं दिग्दर्शन, आणि कन्नडमधल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. प्रेमाबाई कुठून आल्या? राष्ट्रीय नाट्य विद्यालयातून, ‘बेनक’ या नाट्यसंस्थेतून, बालरंगभूमीच्या कामातून. चित्रपटांशी त्यांचा आधीचा संबंध वेशभूषेचा. त्यांना तयार केलं ते नाटकाने. आणि ‘फणियम्मा’चा एवढा गौरव होऊनही त्यांची मुख्य ओळख शेवटपर्यंत रंगभूमीशी आणि मुलांच्या नाटकांशी राहिली. नाटकाने त्यांना आयुष्यभर सांभाळलं. सिनेमाने एकदा सन्मान केला आणि पुढची वाट ज्याची त्याने बघावी, असं म्हणून हात झटकले.

प्रत्येकीच्या मागे एक घर

सुमना कित्तूर यांची वाटचाल या पार्श्वभूमीवर पाहायला हवी. ‘आ दिनगळु’ (२००७) या बंगळुरूच्या गुन्हेगारी जगावरच्या चित्रपटाच्या चमूत त्यांनी काम केलं. तो ‘अग्नी’ साप्ताहिकाच्या अग्नी श्रीधर यांच्या आठवणींवर आधारलेला, आणि श्रीधर यांची भूमिका अतुल कुलकर्णींनी केलेली. पुढच्याच वर्षी सुमनांचा स्वतंत्र पहिला चित्रपट आला, ‘स्लम बाळा’ (२००८). विजय नायक आणि विषय बंगळुरूतला गुंड. २००९ मध्ये ‘कळ्ळर संते’, राजकारणावरचा. त्यात तेव्हा नुकताच पुढे येत असलेला यश होता, जो दशकभराने ‘केजीएफ’मुळे देशभर पोचला. २०१२ मध्ये ‘एदेगारिके’, पुन्हा गुन्हेगारी जग, आणि पुन्हा अतुल कुलकर्णी. मग २०१६ मध्ये ‘किरगूरिन गय्याळिगळु’: पूर्णचंद्र तेजस्वी यांच्या कथेवरचा, मलनाडमधल्या एका खेड्यातल्या तोंडाळ, न दबणाऱ्या बायकांचा, गावातल्या पुरुषी कारभाराला त्यांनी एकत्र येऊन दिलेल्या आव्हानाचा.

या चार चित्रपटांमधली अंतरं पाहिली की एक गोष्ट डोळ्यांत भरते. पहिल्या दोहोंत एक वर्ष, पुढे तीन, मग चार, आणि ‘किरगूर’नंतरची प्रतीक्षा त्याहून लांब. ‘किरगूर’ला समीक्षकांनी आणि प्रेक्षकांनी चांगली दाद दिली होती. गुन्हेगारी विषयांवरच्या चित्रपटांनी ही बाई बाजारपेठेचं व्याकरण जाणते हे सिद्ध केलं होतं. म्हणजे कर्तृत्व वाढत होतं आणि संधी लांबत होती. पुरुष दिग्दर्शकालाही खडतर काळ येतो, पण त्याच्या बाबतीत हिशोब बहुधा सरळ असतो: चाललेला चित्रपट पुढचा चित्रपट आणतो. सुमनांच्या बाबतीत तो हिशोब तसा जुळला नाही.

आणि पहिल्या चार चित्रपटांना तरी बळ कुठून मिळालं? एका साप्ताहिकाच्या आणि त्याभोवतीच्या लेखक-निर्मात्यांच्या गोतावळ्यातून. हे एकट्या सुमनांचं नाही. कविता लंकेश यांच्या ‘देवीरी’ने (१९९९) कन्नडमध्ये वेगळी दिग्दर्शिका आल्याची वर्दी दिली. तो चित्रपट पी. लंकेश यांच्या कादंबरीवरचा, आणि कविताबाईंच्या मागे ‘लंकेश पत्रिके’चं घर होतं. चंपा शेट्टी यांचा ‘अम्माच्ची एंब नेनपु’ (२०१८) वैदेहींच्या कथांवरचा. तो पडद्यावर येण्याआधी रंगमंचावर आला होता, आणि त्याची माणसं नाटकातली होती. महाराष्ट्रातही चित्र फार वेगळं नाही. सई परांजपे पुण्याच्या आकाशवाणीवर, मग दिल्लीत दूरदर्शनवर घडल्या. ‘स्पर्श’, ‘चश्मे बद्दूर’, ‘कथा’ ही लागोपाठची मालिका त्या पायावर उभी राहिली, आणि तिन्हींची पटकथा त्यांच्या स्वतःच्या हातातली. सुमित्रा भावे समाजकार्याच्या अभ्यासातून आल्या. १९८५ चा ‘बाई’ हा लघुपट मुळात बायकांचं जगणं समजून घेण्याच्या प्रकल्पातून निघाला, आणि पुढे सुनील सुकथनकरांबरोबरची छोटी निर्मितीसंस्था हेच त्यांचं घर झालं. २०१७ मध्ये ‘कासव’ला सुवर्णकमळ मिळालं, तेव्हा त्यांच्यामागे तीस वर्षांचं अखंड काम होतं. तेवढा काळ टिकायला मुंबईच्या मुख्य धारेतल्या कुठल्या कंपनीचा आधार नव्हता. आधार होता पुण्यातल्या एका छोट्या, विश्वासू गटाचा, आणि मोहन आगाशे यांच्यासारख्या नटाचा, ज्यांनी पुढे निर्माता होऊन हात दिला.

नॅरेशनची खोली

असं का होतं, हे समजायला चित्रपट प्रत्यक्ष कसा जमतो ते पाहावं लागतं. बंगळुरूचं गांधीनगर असो की मुंबईचं अंधेरी, सुरुवात लेखी पटकथेने होत नाही. ती ‘नॅरेशन’ने होते. निर्मात्याच्या कार्यालयात, हॉटेलच्या खोलीत, कधी नायकाच्या व्हॅनिटी व्हॅनमध्ये बसून गोष्ट तोंडी सांगायची. दीड-दोन तास ऐकणाऱ्याचा फोन वाजत असतो, मधेच कोणी येतं, मध्यंतराचा धक्का पुन्हा सांगावा लागतो. ऐकणारा पटकथेइतकाच सांगणाऱ्याला जोखत असतो: हा सेट सांभाळेल का, नायकाला ‘रीटेक’ म्हणू शकेल का, शेड्यूल लांबलं तर पैसेवाल्याला तोंड देईल का? तरुण पुरुषाच्या बाबतीत या प्रश्नांना ‘शिकेल’ असं उत्तर मिळतं. तरुण स्त्रीच्या बाबतीत पुरावा मागितला जातो, आणि पुरावा म्हणजे आधीचा चित्रपट. पहिला चित्रपट नसताना तो कुठून आणायचा? आधीचा चित्रपट झाला असेल तर प्रश्न बदलतो: तो गुन्हेगारीवर होता, आता हा विषय जमेल का, किंवा तो बायकांवर होता, आता नायकाचा सिनेमा जमेल का?

सहायक दिग्दर्शकाच्या पायरीवरही हीच गाठ आहे. या कामाला वेळापत्रक नसतं. सकाळच्या कॉलशीटवर पाच वाजता हजर, रात्री पॅक-अपनंतर उद्याच्या सीनची यादी, मग प्रॉडक्शनच्या गाडीतून परत. महिन्याचा पैसा तुटपुंजा आणि बेभरवशाचा. बाहेरगावच्या चित्रीकरणात राहायची सोय चार-चार जणांच्या खोलीची. घरच्यांचा होकार, रात्रीचा प्रवास, सेटवरची सुरक्षितता, ही सगळी किंमत स्त्री सहायक पुरुषाहून कितीतरी जास्त मोजते. २०२४ मध्ये केरळात चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांच्या स्थितीवरचा हेमा समितीचा अहवाल प्रसिद्ध झाल्यावर कर्नाटकातही ‘फायर’ या संघटनेने तशाच चौकशीची मागणी केली. त्या मागणीमागे याच रोजच्या वास्तवाचा अनुभव होता. ज्या शिकाऊ वर्षांतून पुट्टण्ण गेले, ती वर्षं चित्रपटसृष्टीने स्त्रियांसाठी मोकळी केलेली नाहीत. म्हणून त्या बाहेरून येतात, नाटकातून, पत्रिकेतून, वकिलीतून, सॉफ्टवेअरमधून. मराठी दिग्दर्शिका समृद्धी पोरे आधी वकील होत्या. रूपा राव सॉफ्टवेअरमधल्या नोकरीतून ‘गंटुमूटे’ (२०१९) या शाळकरी मुलीच्या प्रेमकथेपर्यंत पोचल्या.

बाहेरून येणारीच्या हाती एकच मालमत्ता असते, तिने लिहिलेली पटकथा. म्हणून लेखिका-दिग्दर्शिका हे जोडपद आपल्याकडे इतकं दिसतं. दुसऱ्याने लिहिलेला चित्रपट नव्या स्त्रीकडे सहसा कोणी सोपवत नाही. स्वतः लिहिलेला मात्र तिच्याशिवाय कोणी करू शकत नाही. पण ही मालमत्ताही सहज हातची जाते. पोरे यांच्या ‘मला आई व्हायचंय!’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याच कथेवर पुढे तेलुगूत ‘वेलकम ओबामा’ झाला आणि २०२१ मध्ये हिंदीत ‘मिमी’ आला, मोठ्या पैशांचा आणि मोठ्या प्रसिद्धीचा. कथा देशभर पोचली, पण ती पोचवण्याची संधी मूळ दिग्दर्शिकेच्या वाट्याला आली नाही. त्रिवेणींच्या काळात जे घडत होतं, तेच अर्ध्या शतकानंतर जरा वेगळ्या रूपात पुन्हा घडताना दिसतं.

बाजार सगळ्यांना सारखाच?

यावर पहिला आक्षेप येतो तो बाजाराचा. चित्रपट चालला तर पुढचा मिळतो, नाही चालला तर नाही; प्रेक्षक दिग्दर्शकाचं लिंग पाहून तिकीट काढत नाही. शेवटचं विधान खरं आहे, आणि म्हणूनच पहिलं टिकत नाही. प्रेक्षक भेद करत नसेल, तर दिग्दर्शन, लेखन, छायाचित्रण, संकलन अशा कळीच्या जागांवर बायका इतक्या थोड्या का? ‘ओ वुमनिया!’ या अभ्यासाच्या २०२३ च्या अहवालात अनेक भारतीय भाषांतल्या चित्रपट-मालिकांमधल्या अशा प्रमुख जागांवर स्त्रिया जेमतेम १२ टक्के आढळल्या. निवड तिकीटखिडकीच्या बरीच आधी, नॅरेशनच्या खोलीत होते. तिकीटखिडकीपर्यंत पोचूच दिलं नाही, तर तिच्या निकालाचा दाखला देण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो मानायला हवा. घर आधार देतं तसं बांधूनही ठेवतं. सुमना कित्तूर यांच्या चित्रपटांवर अग्नी श्रीधर यांच्या लेखनाची आणि अनुभवविश्वाची दाट छाया आहे. गुन्हेगारी जग हा त्यांच्या पहिल्या वर्षांतला कायमचा परिसर झाला, तो त्यांचा निवडलेला की घराने दिलेला, हा प्रश्न कोणीही विचारू शकतं. सई परांजपे दूरदर्शनच्या चाकोरीतून बाहेर पडल्या म्हणूनच ‘कथा’सारखं चाळीचं जग उभं करू शकल्या, असंही म्हणता येईल. पण यातून निष्कर्ष निघतो तो घर नको असा नाही. एकाहून अधिक घरं हवीत असा निघतो. ज्या दिग्दर्शिकेसमोर तीन-चार दारं उघडी असतात, ती कुणा एकाची ऋणी राहत नाही. शिवाय छायेतही सुमनांनी आपली नजर राखली. बायकांना ‘बायकांचे’ विषय दिले जातात, या समजुतीला त्यांनी गुन्हेगारीवरचे चित्रपट करून उत्तर दिलं. मग तेजस्वींच्या कथेतल्या गय्याळी, म्हणजे कजाग बायका पडद्यावर आणताना, त्यांना हास्याचा विषय न करता त्यांच्या तोंडाळपणाला गावाच्या राजकारणातलं हत्यार केलं. तोच खेडवळ परिसर आणि तीच भांडणं दुसऱ्या कुणाच्या हाती पडली असती, तर सहज गावरान विनोदपट झाला असता.

तिसरा आक्षेप नव्या पिढीचा: आता मोबाइलवर चित्रपट करता येतो, ओटीटी आहे, महोत्सव आहेत, मग जुन्या व्यवस्थेच्या तक्रारी कशाला? हे खरं आहे की दार रुंद झालं. म्हैसूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉक्टर झालेल्या चिदानंद एस. नाईक यांनी पुण्याच्या एफटीआयआयमध्ये विद्यार्थी असताना केलेल्या लघुपटाला २०२४ मध्ये कान महोत्सवात विद्यार्थी-चित्रपटांच्या विभागात पहिलं पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी त्याच संस्थेच्या पायल कपाडिया यांच्या, मुंबई आणि रत्नागिरीत घडणाऱ्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ला तिथलाच ग्राँ प्री मिळाला. पण ही दोन्ही उदाहरणं आपल्या मुद्द्याच्या बाजूची आहेत. दोघांच्या मागे एक सरकारी चित्रपटशाळा आहे, म्हणजे पुन्हा बाजाराबाहेरचं घरच. ओटीटी कंपन्यांनी सुरुवातीच्या उत्साहानंतर ओळखीच्या चेहऱ्यांकडे आणि आधीच गाजलेल्या मोठ्या चित्रपटांकडे मोर्चा वळवला. मोबाइलवरचा लघुपट पहिलं पाऊल सोपं करतो. दुसऱ्या पावलासाठी त्याच्याकडे काहीच नाही.

एकर की पटकथा?

म्हैसूरकडे परत येऊ. शहरात घरं आहेत, आणि ती जिवंत आहेत. ब. व. कारंतांनी १९८९ मध्ये उभी केलेली ‘रंगायण’ कलामंदिराच्या आवारात आहे. तिचा बहुरूपी नाट्यमहोत्सव आणि उन्हाळ्यातला मुलांचा चिन्नर मेळा म्हैसूरच्या वर्षाचा भाग झाले आहेत. मंड्या रमेश यांची ‘नटन’ नाट्यशाळा आहे. विद्यापीठ आहे, दसऱ्यातला चित्रपटमहोत्सव आहे, कन्नड साहित्याची परंपरा आहे. नाही तो या घरांना चित्रपटाच्या पैशाशी जोडणारा पूल. सरकारची नजर मात्र जमिनीवर. म्हैसूरजवळ नंजनगूड तालुक्यातल्या हिम्मावूला चित्रनगरी करायची घोषणा झाली, सरकारं बदलली तशी जागा बंगळुरूच्या आसपास फिरत राहिली आणि पुन्हा हिम्मावूवर आली. चित्रनगरी वाईट नाही. तंत्रज्ञांना काम मिळेल, बाहेरची चित्रीकरणं येतील. पण प्रीमियर स्टुडिओ ज्या शहरात इतकी वर्षं चालला, त्या शहराने त्या काळात एकही नाव घेण्यासारखी दिग्दर्शिका उभी केली नाही. स्टुडिओने चित्रीकरणं आणली, लेखिकेला खुर्चीपर्यंत नेलं नाही. शांतलासारखं जुनं चित्रपटगृह कोविडच्या काळात बंद पडलं, तेव्हा छोट्या चित्रपटाची एक खिडकीही मिटली.

केरळने वेगळा प्रयोग करून पाहिला. राज्याच्या चित्रपट विकास महामंडळाने स्त्री दिग्दर्शकांकडून पटकथा मागवल्या आणि निवडलेल्या चित्रपटांना प्रत्येकी दीड कोटी रुपयांपर्यंतची निर्मिती दिली. त्यातून तारा रामानुजन यांचा ‘निषिद्धो’ आणि श्रुती शरण्यम यांचा ‘बी ३२ मुतल ४४ वरे’ असे चित्रपट आले. यावर आक्षेप घेतला जातो, की राखीव योजनेचा शिक्का बसला की तिला बरोबरीचं मानलं जात नाही. सरकारी कारभाराच्या दिरंगाईबद्दल दिग्दर्शिकांनीही जाहीर तक्रारी केल्या. तक्रारी खऱ्या आहेत आणि योजना सुधारायला हवी. पण शिक्क्याच्या आक्षेपाला चित्रपटच उत्तर देतात: दीड कोटीत, मोठ्या ताऱ्यांशिवाय, बायकांच्या शरीराबद्दल इतकं मोकळं बोलणारा ‘बी ३२’ नॅरेशनच्या खोलीतून बाहेर पडला असता का? केरळच्या योजनेत उणीव असेल तर ती वेगळीच: तिने पहिला चित्रपट दिला, दुसऱ्याची जबाबदारी घेतली नाही.

इथे महाराष्ट्राची एक जुनी गोष्ट आठवावी. १९७५ च्या सुमारास मराठी चित्रपटांसाठी करमणूक कराच्या परताव्याची योजना आली. परतावा निर्मात्याने पुढचा मराठी चित्रपट काढण्याशी जोडलेला होता. तिचे दोष होते. पैशासाठी काढलेले घाईचे चित्रपटही त्यात आले. पण तिच्या मुळाशी एक शहाणपण होतं: मदत मागच्या चित्रपटाचं बक्षीस म्हणून न देता पुढच्याचं भांडवल म्हणून द्यायची. त्याच काळात सुषमा शिरोमणींसारखी निर्माती-अभिनेत्री ‘भिंगरी’, ‘फटाकडी’, ‘मोसंबी नारंगी’ असे चित्रपट एकामागून एक काढत होती. आजचं अनुदान दर्जानुसार ठरतं आणि चित्रपट पूर्ण झाल्यावर, परीक्षण झाल्यावर मिळतं. ते निर्मात्याच्या खात्यात जातं, आणि तोवर कर्जाचं व्याज वाढलेलं असतं. दिग्दर्शिकेला त्यातून पुढची पटकथा लिहायला सहा महिने मिळत नाहीत. कर्नाटकातली अनुदानंही मुख्यतः याच वळणाची, पूर्ण झालेल्या चित्रपटाला दाद देणारी.

काय करता येईल

उपाय मोठे नाहीत, नेमके आहेत. पहिला: जिने एक चित्रपट पूर्ण करून प्रदर्शित केला, तिला दुसऱ्या पटकथेच्या लेखनासाठी वर्षभराची वृत्ती द्यावी, चित्रपटाला नव्हे, लेखिकेला. चित्रनगरीच्या एका एकराच्या खर्चात अशा कितीतरी वृत्ती निघतील. दुसरा: रंगायण, नटन, विद्यापीठं, आपल्याकडे पुण्या-कोल्हापुरातल्या नाट्यसंस्था आणि एफटीआयआय यांनी नव्या दिग्दर्शिकांना लेखन-निवासाची जागा द्यावी. नट तिथे आहेत, तालमीची जागा तिथे आहे, पहिला वाचक तिथे आहे. तिसरा: अनुदानाचा ठरावीक वाटा थेट दिग्दर्शक-लेखकाच्या नावावर जमा व्हावा आणि तो पुढच्या चित्रपटाच्या कामातच वापरला जावा. चौथा निर्मात्यांसाठी, आणि तो आधीच कोणीतरी करून दाखवला आहे: २०२३ मध्ये पुनीत राजकुमार यांनी उभ्या केलेल्या पीआरके प्रॉडक्शन्सने सिंधू श्रीनिवासमूर्ती यांचा ‘आचार अँड को.’ काढला. जुन्या बंगळुरूतल्या मोठ्या कुटुंबाचा हा चित्रपट सिंधूंनी लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यात कामही केलं. मोठ्या नावाच्या कंपनीने नव्या स्त्रीवर पैसे लावले आणि आकाश कोसळलं नाही. तशी कंपनी तिच्या दुसऱ्या चित्रपटासाठीही दार उघडं ठेवते का, यावर तिची खरी परीक्षा होईल.

आणि वाचकांसाठी एक विनंती. १९२६ मध्ये फातमा बेगम यांनी ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला, तेव्हापासून आपण पहिल्या दिग्दर्शिकेचा, पहिल्या चित्रपटाचा, पहिल्या पुरस्काराचा गौरव करत आलो. शंभर वर्षं ते केलं, चांगलं केलं. आता ज्या दिग्दर्शिकेचा पहिला चित्रपट तुम्हाला आवडला होता, तिचं नाव लक्षात ठेवा. तिचा दुसरा चित्रपट लागला की पहिल्याच आठवड्यात तिकीट काढा. छोट्या चित्रपटाचे खेळ शुक्रवार ते सोमवारच्या गर्दीवरच वाढतात किंवा उतरतात, आणि त्या चार दिवसांच्या आकड्यांवरच तिसऱ्या चित्रपटाचं नॅरेशन ऐकलं जाईल की नाही, ते ठरतं.